गोल भोकांचा हिशेब: निपाणी भागातल्या एका मळ्यात नारळावरची पांढरी माशी

हे प्रकरण वेदगंगेच्या काठच्या, निपाणी तालुक्यातल्या एका गावातलं आहे. शेतकरी म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावात सगळे त्यांना आण्णा म्हणतात, इथेही तेवढंच पुरे. मळा तीनेक एकरांचा. बराचसा ऊस, विहिरीच्या अंगाला केळी, पेरू आणि थोडी हळद, बांधावर व घराभोवती नारळाची चाळीसेक झाडं. त्यातली निम्मी जुनी, उंच गेलेली. उरलेली बुटकी, शहाळ्यासाठी लावलेली. मी याच भागात कृषी सेवा केंद्र चालवतो. म्हणजे माझं घर औषधं विकून चालतं. पुढचं वाचताना हे लक्षात असलेलं बरं.

मार्च संपता संपता आण्णा केळीचं एक पान गुंडाळून दुकानात घेऊन आले. वरून काळं कुळकुळीत.

"केळी काळी पडल्यात. बुरशीचं औषध दे."

पान उलटं करून बघितलं तर खालची बाजू हिरवीगार. वरचं काळं बोटाने पुसलं तर निघून आलं आणि बोट चिकट झालं. केळीच्या करप्याची बुरशी पानाच्या आत शिरते, ती अशी पुसली जात नाही. ही नुसती काजळी होती, आणि काजळीला जगायला साखर लागते. ती साखर कुणीतरी वरून सांडत होतं.

"आण्णा, केळीच्या वर काय आहे?"

"वर? नारळ की."

केळीसाठी मागितलेलं औषध मी दिलं नाही आणि संध्याकाळी मळ्यावर गेलो. नारळाखाली लावलेल्या मोटारसायकलची सीट हाताला चिकटत होती. तुळस काळी. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिपके. खोडावरून मुंग्यांची रांग वर चाललेली. बुटक्या झाडाची खालची झावळी ओढून उलटी केली तेव्हा पांढरा भुगा अंगावर उडाला आणि त्याबरोबर माशाही उडाल्या. पण दमल्यासारख्या, दोन हात लांब जाऊन परत त्याच पानाखाली बसणाऱ्या.

पांढरी माशी म्हटलं की इथल्या शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर मिरचीवरची किंवा वांग्यावरची बारीक माशी येते. ही तिच्या दुप्पट-तिप्पट मोठी. नुसत्या डोळ्यांना पंखांवरच्या फिकट तपकिरी छटा दिसतात. सगळ्यात पक्की खूण म्हणजे अंडी. मादी पानाच्या खालच्या बाजूला गोल गोल फिरत अंडी घालते आणि त्यावर मेणाचा पांढरा थर देते, त्यामुळे चकलीच्या वेढ्यासारखी नक्षी उमटते. त्यावरूनच तिला चक्राकार पांढरी माशी म्हणतात. पूर्ण नाव रुगोज चक्राकार पांढरी माशी, शास्त्रीय नाव अ‍ॅल्युरोडिकस रुगिओपरक्युलॅटस. पिल्लं पानातल्या अन्नरसाच्या नळीत सोंड खुपसून बसतात. रसात साखर जास्त आणि त्यांना हवं असलेलं प्रथिन कमी, म्हणून भरपूर रस ओढायचा आणि जादा साखर मागून सोडायची, असा त्यांचा कारभार. तोच खाली पडणारा चिकटा. त्यावर काजळी वाढते, पानावर ऊन पोचत नाही, आणि शेतकरी धावतो काजळीच्या मागे.

ही माशी आपल्याकडची नाही. शास्त्रज्ञांनी तिचं वर्णन २००४ मध्ये मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशातून केलं. २००९ मध्ये ती फ्लोरिडात गाजली. भारतात पहिल्यांदा सापडली २०१६ मध्ये, तमिळनाडूतल्या पोल्लाचीच्या नारळबागांत. तिथून केरळ, कर्नाटक, आंध्र करत ती महाराष्ट्र-गोव्यापर्यंत पोचली. रोपं, शहाळी, झावळ्या यांच्या गाड्या देशभर फिरतात. माशीला स्वतः फार उडावं लागत नाही. निपाणीवरून तर पुणे-बंगळूर महामार्गच जातो.

पण तिच्या आधी तिची चुलत बहीण येऊन गेली होती. १९९० च्या दशकात अ‍ॅल्युरोडिकस डिस्पर्सस ही दुसरी चक्राकार माशी केरळातून देशात शिरली आणि टॅपिओका, पेरू, पपईवर पसरली. तिच्यामागोमाग, कुणी न आणता, एक सूक्ष्म परोपजीवी कीटकही देशात आला. एन्कार्सिया ग्वाडेलूपे हे त्याचं नाव. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप बेटावरून पडलेलं. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर तो सापडल्याची नोंद २००० च्या सुमाराची आहे. म्हणजे २०१६ मध्ये नवी माशी आली तेव्हा तिचा शत्रू इथे आधीच घर करून होता. जैविक नियंत्रणात असं नशीब क्वचित लाभतं. एरवी परदेशातून मित्रकीटक आणायचा म्हणजे परवानग्या, विलगीकरण आणि वर्षानुवर्षांच्या चाचण्या.

हा एन्कार्सिया गांधीलमाशीच्या गणातला, पण लांबी एक मिलिमीटरसुद्धा नाही. मादी पानाखाली चालत जाते, शृंगांनी पांढऱ्या माशीची पिल्लं चाचपते आणि पसंत पडेल त्याच्या अंगात अंडं घालते. अंड्यातली अळी पिल्लाला आतून खाते, आतच कोषात जाते, आणि साधारण दोन-तीन आठवड्यांनी टरफलाला वरून गोल भोक पाडून बाहेर पडते. निरोगी पिल्लातून पांढरी माशी निघते तेव्हा मात्र टरफल इंग्रजी टी अक्षरासारखं उकलतं. गोल भोक म्हणजे एक माशी कमी आणि एक एन्कार्सिया जास्त. टीसारखी चीर म्हणजे माशी सुटली. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग असलं की हा फरक कुणालाही कळतो. या प्रकरणातला सगळा हिशेब मी याच दोन खुणांवर मांडला.

आण्णांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, मात्र हे ऐकून धक्काच बसला. "गांधीलमाश्या आणून सोडणार व्हय दारात? नातवंडं येत्यात सुट्टीला." ती माणसाला चावूच शकत नाही, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, हे सांगून पटलं नाही, भिंगातून दाखवल्यावर पटलं.

मळ्यातल्या बुटक्या झाडांच्या खालच्या झावळ्यांवरून बोटभर लांबीचे तुकडे घेऊन पाहिले तेव्हा टरफलं बहुतेक टीसारखी उकललेली. गोल भोकं होती, पण शोधावी लागत होती. म्हणजे एन्कार्सिया मळ्यात होता, फक्त मागे पडला होता. परोपजीवी नेहमीच मागून येतो. त्याला वाढायला आधी माशीच वाढावी लागते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात माशी भराभर वाढते, तेव्हा तर हे अंतर जास्तच जाणवतं.

मग दुसरी जागा शोधली. गावच्या मराठी शाळेच्या पटांगणात देशी बदामाचं एक मोठं झाड आहे. बदामावरही ही माशी येते. या झाडावर कधी कुणी पंप मारला नव्हता, कारण शाळेच्या झाडावर कोण मारणार? त्याची पानं उलटी केल्यावर चित्रच वेगळं दिसलं. पांढरी चक्रं होती, पण टरफलांवर गोल भोकंच जास्त, आणि उरलेली पिल्लं काळसर पडलेली, म्हणजे आत एन्कार्सिया वाढत असलेली. गावातल्या सगळ्या नारळांना पुरेल एवढा एन्कार्सिया तिथे फुकट तयार होत होता. सरकारी किंवा खासगी प्रयोगशाळेचं दार ठोठवायच्या आधी अशी न फवारलेली झाडं हुडकावीत, असं मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो: शाळेचं, देवळाचं, स्मशानाजवळचं, परसातला जुना पेरू.

पानं तोडून नेण्याची ही रीत जुनी आहे. १९२६ मध्ये इंग्लंडमध्ये टोमॅटो पिकवणाऱ्या एका माणसाने पांढऱ्या माशीच्या पांढऱ्या पिल्लांत काही काळी दिसतात, हे चेसहंटच्या संशोधन केंद्रातल्या कीटकशास्त्रज्ञाला दाखवलं. त्यातून एन्कार्सिया फॉर्मोसा निघाला. काही वर्षांतच ते केंद्र काचगृहांतल्या शेतकऱ्यांना वर्षाला पंधरा लाख कीटक पुरवू लागलं. दुसऱ्या महायुद्धानंतर रासायनिक कीटकनाशकं आली आणि ते उत्पादन बंद पडलं. पुढे माशी औषधांना दाद देईना, तेव्हा १९७० च्या दशकात लोक पुन्हा त्याच कीटकाकडे वळले. तो एन्कार्सिया काचगृहातल्या माशीवरचा, आपला नारळावरच्या माशीवरचा; घराणं एक, काम वेगळं. म्हणून कुठलाही एन्कार्सिया कुठल्याही माशीवर चालत नाही. इंटरनेटवर नाव वाचून मागवायला जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

बदामाची पानं घेताना थोडी काळजी घेतली. काळसर पिल्लं भरपूर असलेली, पण भोकं अजून न पडलेली पानंच निवडली. भोक पडलेलं टरफल रिकामं असतं, ते नेऊन उपयोग नाही. पानावरच्या जिवंत पांढऱ्या माशा मऊ ब्रशने झटकल्या. पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत न घालता कागदी पाकिटात ठेवली, कारण पिशवीत घाम धरून सगळं कुजतं. ऊन उतरल्यावर तुकडे बुटक्या नारळांच्या खालच्या झावळ्यांना, पानाच्या खालच्या बाजूने, स्टेपलरने टाचले. मुंग्यांची रांग चालू असलेल्या झाडांच्या खोडावर आधी ती रांग तोडली. मुंग्यांना चिकटा हवा असतो, त्यामुळे त्या माशीची राखण करतात आणि परोपजीवीला हुसकतात. उंच झाडांना काहीच टाचलं नाही. तिथे एन्कार्सिया आपला आपण चढेल असं धरून चाललो.

पानं टाचायला एक संध्याकाळ पुरली. खरं काम तिथून पुढे सुरू झालं, ते म्हणजे पंप बंद ठेवणं.

पुण्यात नोकरीला असलेला आण्णांचा मुलगा रोज एखादा व्हिडिओ पाठवायचा: अमुक औषध मारा, तमुक दोन औषधं मिसळून मारा, खोडाला भोक पाडून भरा. त्यातली बहुतेक औषधं माझ्याच शेल्फवर होती. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध पांढऱ्या माशीला मारतं, यात वाद नाही. पण उंच नारळावर पंपाच्या गनने मारलेलं औषध झावळीच्या वरच्या बाजूला पडतं, माशी असते खाली, मेणाच्या थराखाली. जे पोचतं त्याने उघडी माशी मरते आणि तिच्याबरोबर एन्कार्सियाही मरतो. पुढे अंड्यांतून नवी पिल्लं निघतात, तेव्हा त्यांना खाणारं कुणी नसतं. खोडात भरायच्या औषधाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ज्या झाडाचं शहाळं लहान पोराच्या हातात द्यायचं, त्या झाडात आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं विष भरू नये.

बंगळूरला राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो आहे. या माशीवरचं देशातलं बरंचसं काम तिथलं. त्यांचा आणि कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेचा सल्ला पहिल्यापासून एकच राहिला आहे: कीटकनाशकं टाळा, एन्कार्सिया वाचवा. कन्नडमधलं एक माहितीपत्रक मी आणलं होतं. आण्णांची सगळी नोकरी कर्नाटकातल्या मराठी शाळेत गेलेली, कन्नड त्यांना वाचता येतं. त्यांनी ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं आणि मुलाला फोन लावून वाचून दाखवलं. व्हिडिओ कमी झाले.

पण आण्णा थांबले ते पत्रकामुळे नव्हे. त्यांना लोकरी मावा आठवला. २००२ मध्ये सांगलीच्या बाजूला उसावर तो पांढरा मावा दिसला आणि बघता बघता कोल्हापूर, बेळगाव, बागलकोटचा ऊस पांढरा झाला. उसात शिरलं की कपडे पांढरे व्हायचे, पानं चिकट आणि काळी. तेव्हा लोकांनी कर्ज काढून पंप घेतले, दोन माणूस उंच उसात नळ्या ओढत फवारलं. पुढे डिफा नावाच्या पतंगाची मावा खाणारी अळी आणि मायक्रोमस हे भक्षक वाढले. साखर कारखान्यांनी शेडनेटमध्ये डिफा वाढवून शेतकऱ्यांना वाटला. ईशान्येकडून एन्कार्सियाचीच एक वेगळी जातही आणून सोडली गेली. दोन-चार हंगामांत मावा आटोक्यात आला. "तवा आम्ही पंप मारून मारून दमलो आणि शेवटी अळ्यांनी खाल्ला," असं आण्णा म्हणाले. उसाच्या शेतकऱ्याला मित्रकीटक शिकवावा लागत नाही. खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड, म्हणजे मित्रकीटकांच्या पट्ट्या, बांधलेले हात असतात ते.

काकूंचं थांबणं वेगळं होतं. चिकटा त्यांच्या अंगणात पडत होता. "तुळस धुऊन धुऊन हात दुखाय लागलं, आणि ह्येनी म्हणत्यात थांबा." याला उत्तर देणं भाग होतं. घराजवळच्या बुटक्या झाडांच्या खालच्या झावळ्या, पानाखालून, साध्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतल्या. त्याने माशा आणि मेण झडतं आणि झाडावर विष राहत नाही. तुकडे टाचलेल्या झावळ्या तेवढ्या सोडल्या. दोन झाडं फारच भरली होती, त्यांच्यावर निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, साबणाच्या पाण्यात फेटून एकदाच मारलं. केळी आणि पेरूवरच्या काजळीसाठी एक टक्का स्टार्चचं पाणी, म्हणजे १० ग्रॅम स्टार्च लिटरभर पाण्यात उकळून, गार करून फवारलं. ते वाळलं की पापुद्रा होतो आणि काजळीसकट गळून पडतो. केळीवर छान चाललं. उंच नारळावर असलं काही करण्यात अर्थ नाही. कपडे वाळत घालायची दोरी आण्णांनी दुसरीकडे बांधली, आणि माझ्या मते घरातली शांतता त्यानेच टिकली.

पिवळे चिकट सापळे मी दुकानात विकतो, ते खोडांना गुंडाळले होते. त्यांना पांढऱ्या माशा भरपूर चिकटतात. पण पिवळ्या रंगाकडे एन्कार्सियाही जातो. तुकडे टाचण्याआधी सापळे काढून ठेवले.

बापूंचं प्रकरण याच काळातलं. बापू म्हणजे शेजारचे, बांधाला बांध. त्यांचीही दहा-पंधरा झाडं, माशी तेवढीच. त्यांनी भाड्याने पंप आणून एप्रिलमध्ये एकदा आणि मेमध्ये एकदा फवारलं. औषध माझ्या दुकानातलं नव्हतं. असतं तरी काही अडलं नसतं, कारण त्यांनी ठरवलंच होतं. पंधरवड्यात त्यांची झाडं आण्णांच्या झाडांपेक्षा स्वच्छ दिसू लागली. मे महिन्यात बांधावर उभं राहून कुणीही बघितलं असतं तर बापू शहाणे आणि आण्णा येडे ठरले असते. आण्णांना ते लोक बोलूनही दाखवत होते. आम्ही बापूंकडे एकच मागणं केलं: वारा आमच्याकडे वाहत असेल तेव्हा मारू नका. त्यांनी ते पाळलं.

जूनमध्ये पाऊस लागला आणि माशी दोन्हीकडे खाली आली. इथे या प्रकरणाचा अर्थ लावताना घोळ होऊ शकतो. जोराचा पाऊस प्रौढ माशा आणि मेण धुऊन टाकतो. पावसाळ्यात ही माशी कमी होते, हे सगळीकडे दिसतं. मग आण्णांच्या मळ्यात जे झालं ते एन्कार्सियाने की पावसाने? नुसत्या माशा मोजल्या असत्या तर सांगता आलं नसतं. पण पाऊस टरफलाला गोल भोक पाडत नाही. म्हणून टरफलं मोजत राहिलो. मेच्या मध्यात आण्णांच्या खालच्या झावळ्यांवर गोल भोकं आणि चिरा जवळजवळ बरोबरीला आल्या होत्या. पावसाआधीच. पाऊस उघडीप देऊ लागला तेव्हा घेतलेल्या तुकड्यांत गोल भोकं ठळकपणे पुढे होती, आणि आम्ही काहीच न टाचलेल्या उंच झाडांच्या पडलेल्या झावळ्यांवरही ती दिसली. बापूंच्या झाडांवर टरफलंच कमी होती, पण जी होती त्यांत गोल भोक अगदी एखाददुसरं.

पाऊस दोन्ही मळ्यांवर सारखा पडला. खरा फरक दिवाळीनंतर कळला. थंडी सरकून ऊन कोरडं झालं तशी बापूंच्या झाडांवर नवी चक्रं भराभर उठली. आण्णांकडेही उठली, पण पांढऱ्या पिल्लांत काळसर पिल्लं सुरुवातीपासूनच मिसळलेली होती. मागच्या मार्चमध्ये मागे पडलेला एन्कार्सिया या वेळी माशीच्या बरोबरीने निघाला. पुढच्या उन्हाळ्यात आण्णांच्या केळीवर काजळी आली, पण कुणी औषध मागायला येईल इतकी नाही. ही दोन शेजारी मळ्यांची तुलना आहे, प्रयोग नव्हे. झाडांचं वय, खत, पाणी काही जुळवलेलं नव्हतं. तरी गोल भोकांतला फरक एवढा मोठा होता की तो योगायोग मानायला मी तयार नाही. देशात इतरत्र या परोपजीवीने या माशीची निम्म्याहून जास्त पिल्लं मारल्याच्या नोंदी आहेत, आणि आमचं चित्र त्याच्याशी जुळतं.

सगळं गोड मात्र झालं नाही. भिंगाखाली बघताना नारळाच्या काही पानांवर चक्रं नसलेली, कापसाची छोटी घरटी दिसली. त्यात बसलेली बारीक माशी, पंखांवर फुलीसारखे तिरपे पट्टे. ही बोंडारची घरटी करणारी माशी, २०१८-१९ च्या सुमाराला भारतात आलेली. ती चक्राकार माशीच्याच झावळीवर भाडेकरूसारखी राहते, आणि एन्कार्सिया ग्वाडेलूपे तिला फारसा विचारत नाही. आण्णांच्या मळ्यात चक्राकार माशी कमी झाल्यावर ही घरटी जास्त नजरेत भरू लागली. जाळीदार पंखांचे क्रायसोपा आणि ढालकिडे त्यांच्यात फिरताना दिसतात, तेवढंच. गरज पडली तर पावसाळी ओलाव्यात आयसेरिया फ्युमोसोरोझिया या बुरशीची फवारणी करायची असं ठरवून ठेवलंय. मेच्या उन्हात असली बुरशी तग धरत नाही, म्हणून तेव्हा ती घेतलीच नव्हती. जुन्या झावळ्यांवरची काजळीही एन्कार्सियाने जात नाही. ती झावळी पिकून पडेपर्यंत काळीच राहते. काकू अजून त्यावर बोलतात.

खर्चाचं सांगायचं तर स्टार्च, निंबोळी तेल आणि एक स्टेपलर. दुकानाच्या दृष्टीने हे गिऱ्हाईक तोट्याचं. पण आण्णा ऊस, हळद आणि केळीसाठी माझ्याकडेच येतात, आणि पांढऱ्या माशीसाठी येणाऱ्या प्रत्येकाला आता मी आधी विचारतो की पान उलटं करून आणलंय का. आणलेलं असलं तर काउंटरवरच भिंग धरतो. गोल भोकं दिसली तर औषध देत नाही. एकही दिसलं नाही तर बदामाची गोष्ट सांगतो. काहीजण ऐकतात, काहीजण समोरच्या दुकानात जातात.

या वर्षी बापूंनी पंप आणला नाही. जानेवारीत आण्णांकडे पानं मागायला आले. त्यांना दोन गोष्टी सांगितल्या: कापसाची घरटी असलेलं पान न्यायचं नाही, नाहीतर भाडेकरू घरी न्याल, आणि तुकडे टाचल्यावर मिरचीवर पंप मारायचा असेल तर वारा बघून मारा. पाकिटं काकूंनी दिली, जुन्या वह्यांच्या कागदाची.

एप्रिलमध्ये शाळेच्या समितीने बदामाच्या फांद्या छाटायचं काढलं, पत्र्यावर येतात म्हणून. छाटणी थांबवता आली नाही, त्याची गरजही नव्हती. फांद्या लगेच पेटवू नका, झाडाखालीच सावलीत दोन-तीन आठवडे पडू द्या, म्हणजे पानांतला एन्कार्सिया निघून वर जाईल, एवढं आण्णांनी जाऊन सांगितलं. मुख्याध्यापक त्यांचेच विद्यार्थी. फांद्या मेपर्यंत तिथेच पडून होत्या.